शाळा सोडण्याचें खरें कारण

शाळा सोडल्याचा दाखला आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. त्यांत मुलाचें नांव, जन्मतारीख, इयत्ता इत्यादि रकाने असतात, आणि शेवटीं एक लहानसा रकाना असतो, 'शाळा सोडण्याचें कारण'. ह्या रकान्यांत पुष्कळदां 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेंच लिहिलेलें आढळतें. विनंति कां केली हें कोणी लिहीत नाहीं, व कित्येकदां शिक्षकांस तें ठाऊकही नसतें. मूल मध्येंच शाळेंतून काढतांना आईबापांनीं गुरुजींस खरें कारण सांगणें हें त्यांचें कर्तव्य आहे काय, ह्या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहों.

प्रथम आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं दसऱ्याच्या सुमारास एक मजूर आम्हांकडे आला. त्यानें मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि नवराबायको मिळून एक कोयता म्हणून ऊसतोडीस जाणार होतीं. धाकट्या लेकराला कोपीवर सांभाळण्यासाठीं सहावींतल्या थोरल्या मुलास बरोबर न्यावयाचें होतें. "गुरुजींना पोरगं आजारी हाय असं लिहून द्या. उचलीचं कशापायी सांगायचं?" असें तो म्हणाला. आम्हांस त्याची दया आली, व आम्हीं तशी चिठ्ठी लिहून दिली. चैत्रांत तीं माणसें परत आलीं. मुलगा शाळेंत गेला तेव्हां गुरुजींनीं सहज, ममतेनेंच, विचारलें, "काय रे, कसला आजार झाला होता तुला?" मुलाला उत्तर सुचेना. वर्गांतलीं मुलें हसलीं, कारण तो कोठें गेला होता हें त्यांस चांगलें ठाऊक होतें. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत गेला नाहीं. खोटें सुचविलें बापानें, लिहिलें आम्हीं, आणि त्याचें ओझें वाहिलें त्या मुलानें.

ह्यावर कोणी म्हणेल, "गरिबानें आपल्या घरचें दुःख चव्हाट्यावर कां मांडावें?" हें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. कर्ज, आजारपण, दारूपायीं मोडलेला संसार, ह्या गोष्टी चारचौघांत बोलण्याच्या नव्हेत. कित्येक शिक्षक ऐकून घेत नाहींत, आणि कित्येक ऐकून दुसऱ्यांस सांगतात, हाही अनुभव आहे. म्हणून सर्वांस सर्व कांहीं सांगावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु सर्वांस न सांगणें निराळें, आणि ज्याच्या हातीं मूल सोंपविलें त्यास खोटें सांगणें निराळें. कर्ज बापाचें असेल, लाज आईची असेल, पण शाळा मुलाची आहे. आपली लाज झांकण्यासाठीं मुलाची परतीची वाट बुजविण्याचा अधिकार आईबापांस नाहीं.

ही वाट कशी बुजते तें पाहा. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचीं मुलें गांवींच आजीआजोबांपाशीं राहून शिकावीं, म्हणून बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहांची योजना निघाली. पण कोणाचें मूल जाणार आहे हें शाळेस आधीं कळलें तरच तिचा उपयोग. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दुसऱ्या शाळेंत जावयाचें असल्यास मुख्याध्यापकांनीं दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे, व दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेनें प्रवेश अडवावयाचा नाहीं. ज्याच्या शिक्षणांत खंड पडला त्यास त्याच्या वयाच्या वर्गांत बसवून मागें राहिलेलें भरून काढण्यासाठीं विशेष शिकवावें, असेंही त्यांत सांगितलें आहे. पुढें मोठेपणीं १७ नंबरचा अर्ज भरून दहावीच्या परीक्षेस बाहेरून बसण्याची सोयही आहे. ह्या वाटा गुरुजींस ठाऊक असतात. पण पोट दुखत असतां डोकें दुखतें असें सांगितलें, तर वैद्यानें औषध तरी कोणतें द्यावें?

जोतीराव फुले ह्यांस लहानपणीं त्यांच्या वडिलांनीं शाळेंतून काढून शेतीच्या कामास लाविलें होतें. गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब ह्या परिचितांनीं वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत जाऊं लागले. पुढें १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. मुलगा घरीं कां बसला आहे हें त्या दोघां भल्या माणसांस कळलें नसतें, तर त्यांनीं बापाशीं काय बोलावें?

कधीं कधीं कारण शाळेंतच असतें. गुरुजींनीं मारलें, जातीवरून कोणी टोंचून बोललें, मुलींसाठीं आडोशाची सोय नाहीं, अशा वेळीं तर आईबाप हटकून मुकाट्यानें मूल काढून घेतात. हें गुरुजींच्या तोंडावर बोलणें कठीण खरें. पण न बोलल्यास तेंच दुःख शेजाऱ्याच्या मुलाच्या वाट्यास येतें. रागानें न बोलतां, बरोबर एखादा समजूतदार माणूस घेऊन, झालें तेवढेंच सांगावें.

आणि एक कारण असें आहे कीं, तें जिभेवर येतच नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलीचें लग्न ठरलेलें असतें, व शाळेंत सांगतात कीं, "ती मावशीकडे शिकायला गेली." २००६ च्या कायद्यानें अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न करणें गुन्हा आहे, म्हणून हें खोटें. अशा बापास आम्ही एवढेंच विचारतों : जें कारण मुलीच्या शिक्षकांपुढें उच्चारतां येत नाहीं, तें मुलीवर लादावें काय? जीभ अडखळते ती उगीच नाहीं. तिचें ऐकावें, व लग्न थांबवावें.

शिक्षकबंधूंसही आमची विनंति आहे. कारण वर्गांत विचारूं नका, घरीं जाऊन विचारा. ऐकलेलें आपणांपाशीं ठेवा, आणि प्रथम दोष देऊं नका. मूल वा मुलगी संकटांत असेल तरच, तिच्या रक्षणापुरतें, योग्य ठिकाणीं बोला. जे आमच्यासारखे दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहितात त्यांनीं दयेपोटींही खोटी चिठ्ठी लिहूं नये. लिहिण्याऐवजीं त्या बापाबरोबर उठून शाळेपर्यंत चालत जावें. आम्हीं त्या दसऱ्यास तेवढें केलें नाहीं, ह्याची खंत अद्याप आहे.

तरी प्रिय वाचकहो, मूल शाळेंतून काढण्याची वेळ आलीच, तर निघण्यापूर्वीं एके संध्याकाळीं त्यास घेऊन गुरुजींकडे जा. फार बोलण्याचें कारण नाहीं. "आम्हांवर असा प्रसंग आहे, आम्ही अमक्या महिन्यांत परत येऊं, तोंवर काय करावें?" इतकें पुरे. मुलानें तें आपल्या कानांनीं ऐकूं द्या. परत आल्यावर त्यास कोणी विचारलें, तर त्याला मान खालीं घालावी लागणार नाहीं.