दोनदा लावलेली धार

चाळिशी उलटली की माणसाला एक तरी खूळ लागते. कुणी रोज रक्तदाब मोजत बसतो, कुणी एकाएकी प्रवचनाला जाऊ लागतो. मला वस्तरे लागले. म्हणजे अक्षरशः लागले, हनुवटीला. पण ते पुढे.

आमचे आखाडा बाळापूर नांदेड-हिंगोली रस्त्यावर आहे. नाव ऐकून परगावचे लोक आम्हाला पैलवान समजतात आणि मला पाहिल्यावर गैरसमज दुरुस्त करून घेतात. अशा गावातला बँकेचा एक कारकून रात्री दोन वाजता मोबाइलवर अमेरिकेतल्या जुन्या वस्तऱ्यांच्या लिलावात बोली लावतो, हे आमच्या हिला अजूनही पटत नाही. हिंगोलीला हळदीचे बीट मी पाहिले आहे. तिथे निदान हळकुंड मोडून पाहता येते. इथे नुसता फोटो. शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी आपल्यावर कडी करतो, आपण त्वेषाने आकडा वाढवतो आणि पाहतो तो लिलाव आपल्याच गळ्यात पडलेला! बी.कॉम.ला मागणी आणि पुरवठा शिकलो होतो. त्यात त्वेष नावाचा घटक नव्हता.

माझा पहिला वस्तरा शेफील्डचा. पात्याच्या मुळाशी कारखान्याच्या नावाखाली 'इंग्लंड' कोरलेले. या एका शब्दावर आम्हा शौकिनांचे पंचांग चालते. अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून देशाचे नाव असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. ब्रिटनने तर १८८७ सालीच परक्या मालाविषयी कायदा केला होता, कारण जर्मनीतल्या झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावावर खपत होता. पुढे झोलिंगेनने असे काही वस्तरे केले की त्यांना कुणाचे नाव उसने घ्यायची गरज उरली नाही. १९०३ साली जिलेटचे सुरक्षित वस्तरे बाजारात आले. पहिल्या वर्षी खपले अवघे ५१, दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर! तेव्हापासून हे जुने वस्तरे कपाटात जाऊन पडले, ते माझी वाट पाहत.

वस्तरा दुरुस्त करण्याचे शास्त्र सोपे आहे, हात मात्र अवघड. मूठ सोडवायची, पाते घासायचे. धार लावताना पाते दगडावर सपाट ठेवायचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. कोन पाठीनेच ठरतो. आधी पाठ झिजते, मग धार येते. हे तत्त्व कारकुनाला समजावून सांगावे लागत नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर परजायचे. आणि सगळ्यांत मोठा नियम गंजाचा : तांबडा गंज काढायचाच, कारण तो पोलाद खात राहतो. पण वर्षानुवर्षांचा काळा डाग खात नाही, उलट पोलाद जपतो. तो ठेवायचा.

हा नियम मला फार आवडला. कुठे लावायची वेळ येईल, याची मात्र कल्पना नव्हती.

एका रविवारी मी माझे शेफील्ड घेऊन आमच्या सलूनवाल्या काकांकडे गेलो. ते आता अर्धे ब्लेड घालून दाढी करतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे घालतात. त्यांनी वस्तरा उलटासुलटा पाहिला, किंमत विचारली आणि कात्री खाली ठेवली.

"लोकाच्या आज्याचा वस्तरा आणला म्हणा की! आमच्या आज्याचा टरंकेत पडलाय साहेब, तो कामून नाही विचारला?"

मी वरमलो. पण शौकीन वरमला तरी हात पुढे करतोच. "किती द्यायचे?" मी विचारले.

"पैसे नको. धार लावून द्या."

धोकटीतून निघालेला तो वस्तरा तांबड्या गंजाने पार माखलेला होता. पाते झिजून बोटभर उरले होते. आठवडाभर रोज रात्री मी ओट्यावर घासत बसलो. बाबा रोज बघत, बोलत नसत. शेवटी म्हणाले, "कुणाचा रे?"

मी सांगितले. बाबांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, "याला तुझी पणजी ओळखत होती."

पणजीचा आमच्याकडे एकच फोटो आहे. आलवण, कपाळापर्यंत पदर. सोळाव्या वर्षी विधवा झालेली. दर काही दिवसांनी मागच्या दाराने काकांचे आजोबा येत, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या बाबांना पुढच्या अंगणात पिटाळत. "आम्हाला वाटायचं, मागे काहीतरी खाऊ वाटतात," बाबा म्हणाले आणि आत गेले.

त्या रात्री मी काही घासले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना विचारले, तर त्यांना ठाऊक होते. त्यांचा आजा सांगत असे : तुमच्या घराची पाळी असली की धार दोनदा लावायचो. माउलीला निदान ओढ बसू नये.

म्हणून पाते एवढे झिजले होते.

आता मला प्रश्न पडला, तो असा. नको ते काम करावेच लागते म्हणून हळुवारपणे करणे, हे पुण्य की पळवाट? १८९० साली, म्हणजे माझ्या शेफील्डवरच्या 'इंग्लंड'चा कायदा झाला त्याच वर्षी, मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो नाभिक जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. शिकल्यासवरल्यांना जे जमले नव्हते, ते धोकटीवाल्यांनी केले. पण तिथे शेकडो होते. इथे निजामाच्या राज्यात, एका गावात एकटा माणूस, वर्षाचे धान्य आमच्यासारख्यांच्या खळ्यावर अडकलेले. तो नाही म्हणाला असता तर उपाशी राहिला असता. 'नाही' खरे म्हणायचे होते ते आमच्या घराने. त्याला त्यात पायलीचाही तोटा नव्हता! जमाखर्च मांडायचाच, तर ही बाकी आमच्या नावे निघते, त्याच्या नाही.

एवढे लिहून मी सुटलो असे वाटले. पण सोमवारी टेबलावर थकबाकीच्या नोटिशी आल्या. त्या मीच तयार करतो, आणि इतरांपेक्षा मऊ भाषेत करतो, याचा मला अभिमान आहे. 'त्वरित भरणा करावा'च्या आधी मी 'कृपया' घालतो. पेन हातात धरले आणि लक्षात आले, ही माझी दोनदा लावलेली धार. फरक एवढाच की माझे धान्य कुणाच्या खळ्यावर अडकलेले नाही. दर महिन्याला पगार जमा होतो.

वस्तरा मी पुरा केला. तांबडे सगळे काढले, काळे डाग ठेवले. काकांनी अंगठ्याच्या नखावर धार पाहिली, मान हलवली आणि त्याच वस्तऱ्याने माझी दाढी करून दिली. एकदाही ओढ बसली नाही. (हनुवटीवरची खूण माझ्या स्वतःच्या हातची, शेफील्डची.)

नोटिशींचे म्हणाल तर मी काही बंड केले नाही. साहेबांना एवढेच विचारले, "पाठवायच्या आधी एकेकाला बोलावून बोलू का? हप्त्यांचं काही जमतं का पाहू."

साहेब म्हणाले, "नियमात बसतं तेवढं बघा. पण एवढा वेळ आहे तुम्हाला?"

रात्री दोन वाजता अमेरिकेतले वस्तरे बघायला मला वेळ असतो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?