पांढऱ्या चादरीवरचे पाहुणे



सुट्टीत सावेडीहून भंडारदऱ्याला गेलो होतो. जुलैची ओली रात्र. मुक्कामाच्या अंगणात दोरीवर पांढरी चादर बांधली, तिच्यापुढे दिवा लावला आणि वही घेऊन बसलो. आमच्याकडचा शेतकरी उसाच्या हुमणीचे भुंगेरे पकडायला प्रकाश सापळा लावतो. आमचा सापळा फक्त पतंगांशी ओळख करून घेण्यासाठी होता.

तासाभरात चादर भरून गेली. कुणी वाळक्या पानासारखा, कुणी झाडाच्या सालीसारखा. मग एक फिकट हिरवा चांद्रपतंग अलगद येऊन बसला. लांब शेपट्या, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, पिसांसारख्या मिशा. या पतंगाला प्रौढपणी खाताच येत नाही. अळी असताना साठवलेल्या बळावर तो जेमतेम आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात पुढच्या पिढीची सोय करून जातो.

भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे १,४००, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक. रात्री फुलणाऱ्या कितीतरी फुलांचं परागीभवन तेच करतात. वटवाघळांचं पोट त्यांच्यावर भरतं. आपण मात्र त्यांना दिव्यावरचे किडे म्हणून झटकतो.

फोटो काढले, नोंदी केल्या आणि उजाडण्याआधी दिवा मालवला. नाहीतर सकाळी पक्ष्यांनी चादरीवरच त्यांचा फडशा पाडला असता. पाहुण्याला बोलावलं, तर त्याला सुखरूप परत पाठवणंही आपलंच काम असतं.

आज रात्री गच्चीवरचा दिवा विनाकारण जळत असेल, तर विझवूया. अंधार हेही कुणाचंतरी घर आहे.