हिरवा खांदा

टोमॅटोची खरी चव बघायची तर तो फ्रिजबाहेरचा हवा. गारठ्यात त्याचा वास मावळतो, आणि वासाविना चव अर्धीच कळते.

गच्चीवरच्या कुंड्यांत यंदा तीन जुनी वाणं लागली आहेत. गावरान टोमॅटो चपटा, चुण्या पडलेला. साल इतकी पातळ, की दाताला जाणवत नाही. आत गर थोडा, रस फार. पहिल्याच घासाला आंबटपणा जिभेच्या कडांना भिडतो. साराला याच्या तोडीचा दुसरा नाही. इटलीचा सान मारझानो लांबट, घट्ट गराचा, आत जेमतेम दोन कप्पे. कच्चा खाल्ला तर चव दबलेली वाटते. मंद आचेवर आटला की ती उलगडते. अमेरिकेतल्या टेनेसीचा चेरोकी पर्पल जांभळट-तपकिरी. पिकल्यावरही त्याच्यातलं हरितद्रव्य पुरतं जात नाही, म्हणून हा रंग. गर लोण्यासारखा, आंबटपणा सौम्य, गोडी रेंगाळणारी.

बियांभोवतीचा बुळबुळीत रस बरेच जण काढून टाकतात. चवीचा मोठा वाटा तर तिथेच असतो.

पण माझी नजर थांबते ती देठापाशी. गावरान आणि चेरोकी, दोघांचाही खांदा हिरवट राहतो. बाजारात हा दोष ठरतो. म्हणून गेल्या शतकात एकसारखे लाल होणारे टोमॅटो निवडले गेले. 2012 साली संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं. कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवणारं, फळाला स्वतःची साखर करायला हातभार लावणारं. रंग सारखा झाला, गोडी उणी झाली. जिथे फळ कच्चं दिसत होतं, तिथेच त्याची गोडी तयार होत होती.

बाजारच्या टोमॅटोला मात्र नावं ठेववत नाहीत. नारायणगावहून मुंबईला ट्रकमधून जायचं, तर साल जाड हवीच. त्याच्यामुळेच तर टोमॅटो बारमाही साऱ्यांच्या ताटात आहे.

गावरानचं एक फळ बियाण्यासाठी झाडावरच राखलं आहे. ते पुरतं पिकू द्यायचं. मग बियांसकट रस वाटीत दोन-तीन दिवस आंबवायचा, म्हणजे बियांवरचा चिकट थर आपोआप सुटतो. धुऊन त्या सावलीत वाळवायच्या. संकरित टोमॅटोचं बी पेरलं तर काय निघेल, सांगता येत नाही. हे पेरलं की हेच उगवतं, खांद्यासकट.