अनुदान : उपकार की हक्क?



संकटात सापडलेल्या गरिबाला सरकारने पैसा दिला, तर तो त्याने उपकार मानावा की हक्क समजावा? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही, नीतीचाही आहे. थायलंड या बौद्ध देशाच्या अनुभवावरून त्याचा विचार करू.

२ जुलै १९९७ रोजी थायलंडच्या सरकारला आपल्या चलनाचा, बाटचा, ठरलेला भाव सोडून द्यावा लागला. तोवर सुमारे २५ बाटला एक डॉलर मिळत असे. जानेवारी १९९८ मध्ये त्याच डॉलरला ५० हून अधिक बाट मोजावे लागले. परदेशी कर्ज उचलून जमिनी-इमारतींच्या सट्ट्यात ओतले गेले होते. तो डोलारा कोसळला. डिसेंबर १९९७ मध्ये ५६ वित्त कंपन्या कायमच्या बंद झाल्या. बांधकामे थांबली आणि बँकॉकमधले मजूर रिकाम्या हातांनी ईसान भागातील आपल्या खेड्यांकडे परतले. सट्टा कोणी केला आणि उपास कोणाला घडला?

१९९८ मध्ये सरकारने जागतिक बँकेकडून ३० कोटी डॉलरचे कर्ज घेतले. त्यातूनच सामाजिक गुंतवणूक निधी उभा राहिला. गावच्या आणि वस्तीच्या संघटनांना त्यातून अनुदान मिळे. आपल्याला काय हवे ते संघटनेने ठरवायचे, अर्ज करायचा, काम पार पाडायचे. वृद्ध, निराधार मुले, एड्सग्रस्त कुटुंबे यांनाही मदत मिळाली.

कोणी म्हणेल, "फुकट मिळाले की माणूस आळशी होतो." पण हे फुकट होते काय? राष्ट्राने काढलेले कर्ज राष्ट्रालाच फेडावे लागते. शिवाय ऑगस्ट १९९७ मध्ये तेथील मूल्यवर्धित कर ७ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला होता. म्हणजे दुकानात बाजारहाट करणारी मजूर स्त्रीही सरकारी तिजोरीत भर घालीत होती. जिने कर भरला आणि दुसऱ्याच्या लोभाचा मार सोसला, तिच्या हाती आलेले अनुदान म्हणजे भीक नव्हे. ते तिचे देणे आहे.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्धांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा होता. राज्यात मात्र लूटमार माजली होती. पुरोहित म्हणाला, शिक्षेने हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला अन्न आणि वेतन द्या. इथे राजाने मूठभर धान्य भिरकावून पुण्य जोडावे असे सांगितलेले नाही. माणूस स्वतःच्या कामाला लागेल असे साधन त्याच्या हाती द्यावे, असे सांगितले आहे.

थायलंडच्या निधीत एक अडचण होती. लोकांना विचारून काम करायचे म्हणून पैसा हळू बाहेर पडला आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका खोटी नव्हती. भुकेल्याला सभा संपेपर्यंत थांबवणे ही करुणा नव्हे. परंतु घाईने वरून वाटलेला पैसा वाटणाऱ्याचा मोठेपणा वाढवतो आणि घेणाऱ्याला रांगेतच उभे ठेवतो. म्हणून आजची भूक आजच, कोणतीही अट न घालता भागवावी. उद्याचे काम मात्र लोकांनी एकत्र बसून ठरवावे. दोन्ही हवेत.

हक्क म्हटला की कर्तव्यही आले. वस्तीच्या नावाने आलेला पैसा वस्तीचा असतो, अध्यक्षाचा नसतो. त्याचा हिशेब विहारात सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे आणि विधवा, वृद्ध, अपंग यांचे नाव यादीत प्रथम आले पाहिजे. न दिलेले घेऊ नये हे शील आपण रोज म्हणतो. दुबळ्याच्या वाट्याचे अनुदान खाणारा तेच शील मोडतो.

तेव्हा अनुदान घेताना मान खाली घालू नका आणि हिशेब देताना नजर चुकवू नका.