सोनू, कॅमेरा घेण्याआधी

मलकापूर, ता. शाहूवाडी

चि. सोनूस,


तुझा मेसेज काकूनं वाचून दाखवला. नवा कॅमेरा घ्यायचा म्हणतेस, तोही हप्त्यावर. नोकरीला लागून तुला अजून वर्षही झालेलं नाही. बंगळूरचं खोलीभाडं, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च हे सगळं भागवून वर हा हप्ता तू कसा पेलणार, हे काही डोक्यातून जाईना. किंमत ऐकून तुझी आजी म्हणाली, "तेवढ्यात दावणीला दुभती म्हस आली असती की!" फोनवर तू कायम घाईत असतेस, म्हणून लिहायला बसलो. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन सावकाश वाच.

आधी इकडची खबर. पावसानं जोर धरलाय. आंबा घाटाकडं तर सूर्याचं तोंड दिसत नाही. कडवी नदीचं पाणी गढूळ झालंय, तरवा वीतभर वर आलाय, आता रोपलागणीची गडबड सुरू होईल. आजीचा गुडघा पावसाळी हवेत दुखतोच, पण चूल काही सोडत नाही. जत्रा आटोपल्या, कुस्तीची मैदानंही संपली. पुन्हा फड रंगायचे ते दिवाळी झाल्यावर. तोवर तुझ्या हातात बरेच महिने आहेत. कॅमेऱ्याची घाई करायचं काहीच कारण नाही, हे आधी ध्यानात घे.

तुझा निकॉन डी ३१०० हे २०१० सालचं मॉडेल. तुझ्या बाबांनी तो आणला तेव्हा तू प्राथमिक शाळेत होतीस आणि आपल्या स्टुडिओच्या काउंटरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो काढायचीस. आता तो जुना झाला, हे कबूल. सेकंदाला तीन फोटो. फोकसचे पॉइंट अकरा, पण त्यांतला मधला एकच उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा, म्हणून तोच काय तो भरवशाचा. आजकालचे मिररलेस सेकंदाला दहा-पंधरा फोटो काढतात, खेळाडूचा डोळा आपणहून शोधून त्याच्या मागे राहतात. तुझं मन तिकडं धावणारच. तरी बाळ, तुझे नेमके कुठले फोटो बिघडतात आणि कशामुळं बिघडतात, हे तू कधी मांडून पाहिलंस का?

मी पाहिलं. तू पाठवलेले सगळे फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे एकीकडं काढले, जत्रेतल्या कुस्त्यांचे दुसरीकडं. फुटबॉलचे दुपारी चारचे फोटो छान आहेत गं. उन्हात तुझी ५५-२०० ची लेन्सही सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर सहज देते. तिथं चुकतेय ती वेळ. चेंडू पायाला लागून निघून गेल्यावर तुझं बोट खाली जातं. सेकंदाला पंधरा फोटो काढणारा कॅमेरा ही उणीव थोडी झाकेल, पण ती भरून निघेल ती सामने पाहूनच. तू तर पेठेतल्या मावशीकडं राहून पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा यांचे सामने लहानपणापासून पाहिलेस. विंगवरून चेंडू आत येणार हे मारणाऱ्याच्या खांद्यावरून कळतं. खांदा वळला की बटण दाबायचं.

कुस्तीच्या फोटोंची गोष्ट वेगळी. रात्रीची मैदानं, खांबावर चार दिवे, खाली लाल माती. फोटोंची माहिती उघडून पाहिली तर बहुतेक ठिकाणी आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर ५.६ आणि शटर शंभरावा भाग. शंभराव्या भागात पैलवानाचा हात धरता येत नाही, तो पुसला जाणारच. त्या सगळ्यांत एक फोटो मात्र लखलखीत आहे. तरुण पैलवान पटात शिरायच्या बेतात वाकलाय, मोडलेला कान, भुवईवर घामानं भिजून चिकटलेली माती, नजर समोरच्याच्या गुडघ्यावर रोखलेली. तो फोटो मी किती वेळ बघत बसलो होतो! तो इतका धारदार आला, कारण दोघंही त्या क्षणी थबकले होते. तुझी नजर तयार आहे, हे त्या फोटोनं मला सांगितलं. कमी पडतोय तो उजेड.

आणि उजेड आत येतो तो लेन्सच्या काचेतून. तुझी लेन्स लांबवर नेली की ५.६ च्या पुढं उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहापट उजेड आत घेते. म्हणजे तेच मैदान, तेच दिवे, तोच तुझा जुना कॅमेरा, तोच आयएसओ, आणि शटर शंभराव्या भागावरून जवळजवळ हजाराव्या भागावर. नवी बॉडी घेऊन तिला पुन्हा ५.६ चीच लेन्स लावलीस, तर एवढा फरक पडणार नाही. म्हणून सांगतो पोरी, आधी लेन्स घे. ८५ मिलिमीटरची एफ १.८ घेतलीस तर तुझ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती साधारण १२८ सारखी दिसेल. हौद्याच्या कडेला बसून दोन पैलवान चौकटीत भरायला तेवढं पुरतं. फुटबॉलला ती आखूड पडेल, पण तिथं दिवसाउजेडी तुझी जुनी लेन्स आहेच. ८५ परवडत नसेल तर ५० ची घे, ती बरीच स्वस्त असते. घेताना एक बघ. तुझ्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, म्हणून लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं हवं. दुकानदार जुनी 'डी' लेन्स कमी पैशांत गळ्यात मारेल, ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस तुला हातानं फिरवावा लागेल. फडात ते जमायचं नाही.

१.८ वर फोकसचा थर फार पातळ असतो, हेही मनात धर. पुढच्या पैलवानाच्या दंडावर फोकस बसला तर मागच्याचा चेहरा मऊ येतो. म्हणून मधला पॉइंट, सतत फोकस धरणारी एएफ-सी आणि जमेल तिथं अ‍ॅपर्चर २.२ किंवा २.५. फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणावर ने. तुझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत ती सोय आहे. शटर पाचशेव्या भागाच्या खाली उतरू देऊ नकोस. आयएसओ वाढून फोटो रवाळ झाला तरी बिघडत नाही. पैलवानाच्या घरी भिंतीवर लागतो तो धारदार फोटो, मग तो थोडा रवाळ का असेना.

आमच्या वेळी ३६ फ्रेमचा रोल असायचा, आणि तोही धुवायला कोल्हापूरला धाडायचा. जोड सलामीला आली की मी कॅमेरा खाली ठेवून नुसता बघायचो. कोण डाव्या हातानं मान खेचतो, कुणाचा पट जोरात आहे, कोण घिस्स्याची वाट बघतोय. दोन मिनिटांत अंदाज यायचा. मग निकालाच्या आधीचा क्षण टिपायचा. चितपट झाल्यावर खांदे मातीला लागलेले असतात, पंच मध्ये आलेला असतो, लोक उठून उभे राहतात, फोटोला काही उरत नाही. पाठ मातीकडं निघालेली असते आणि खालचा पैलवान मान ताठ करून शेवटचं झुंजत असतो, तो क्षण धरायचा. हे कॅमेऱ्याच्या कुठल्याही मॉडेलात येत नाही बाळ, ते तुझं तुलाच शिकावं लागेल.

खासबागेत बसशील तेव्हा आणखी एक करून बघ. १९१२ साली बांधून झालेलं ते मैदान शाहू महाराजांनी असं खोलगट करून घेतलं, की कुठल्याही पायरीवरून मधली कुस्ती नीट दिसावी. सगळे फोटोवाले हौद्याला चिकटून बसतात आणि त्यांच्या फोटोत मागं लोकांचे पाय, खुर्च्या, फलक येतात. तू चार पायऱ्या वर चढ. वरून खाली बघितलंस की मागं सगळी लाल मातीच येते. त्या मातीवर दोन शरीरं कशी उठून दिसतील, बघच. फ्लॅश मात्र चुकूनही मारू नकोस. पैलवानाच्या डोळ्यांत उजेड गेला आणि पकड सुटली, तर त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचं नुकसान होतं.

आता बॉडीचं. ती कधीच घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. एका गोष्टीत तुझा कॅमेरा खरोखर कमी पडणार आहे, तीही सांगून ठेवतो. तू मागं विचारलं होतंस, शटर जरा जलद ठेवलं की एकाच सेटिंगवर एक फोटो उजळ आणि पुढचा पिवळट-काळा का येतो. कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. शंभराव्या भागाच्या शटरमध्ये एक पूर्ण झोका येऊन जातो, म्हणून फोटो सारखे येतात. नवी लेन्स लावून शटर जलद केलंस की हा फरक आणखी जाणवेल. निकॉनच्या डी ५०० मध्ये दिव्याचा हा झोका ओळखून उजेड भरात असतानाच शटर उडवायची सोय आहे. २०१६ चा कॅमेरा, सेकंदाला दहा फोटो, फोकसचे १५३ पॉइंट, आणि तुझ्या सगळ्या लेन्स त्याला जशाच्या तशा बसतात. लोक मिररलेसकडं वळल्यामुळं तो आता वापरलेला मिळतो. उद्या मिररलेसच घ्यावंसं वाटलं, तरी निकॉनचं अ‍ॅडॉप्टर लावून तुझी एएफ-एस लेन्स तिथंही फोकस करेल. म्हणजे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही. बॉडीचं तसं नाही. दोन वर्षांत नवं मॉडेल येतं आणि जुन्याचा भाव उतरतो. मिररलेसवर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, त्याचा तीस-तीस फोटोंचा आकडा बघूनही भुलू नकोस. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानं वेगातला चेंडू अंडाकृती येतो आणि दिव्याखाली फोटोवर पट्टे उमटतात.

वापरलेला माल घेताना एकटी जाऊ नकोस, जाणत्या कुणाला तरी सोबत ने. शटर किती वेळा उडालंय ते विचार. डी ५०० चं शटर दोन लाखांपर्यंत तपासलेलं आहे. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघ. लेन्समध्ये मोबाइलची टॉर्च मारून मागून बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर कितीही स्वस्त असली तरी परत दे. ती बुरशी. आपल्या शाहूवाडीच्या पावसात बुरशीनं किती लेन्सचा जीव घेतला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्याकडं बंगळूरला हवा बरी आहे, पण इकडं येशील तेव्हा लेन्स चामडी पाऊचमध्ये ठेवू नकोस. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, जेलचा रंग बदलला की पुड्या बदल. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणार असशील तर नवी लेन्स घरीच ठेव. मसाईच्या पठारावर पाऊस आडवा येतो, तिथं मोबाइल पुरे. आणि फडात लेन्स कधी बदलू नकोस. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती पैलवानाच्या अंगाला चांगली. सेन्सरला चिकटली तर निघता निघत नाही.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण रंकाळ्याला जाताना तू विचारायचीस तो. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्या गावानं कॅमेरा घडवला, त्या गावच्या पोरीनं जाहिरात बघून कर्जात पडावं, हे मला बरं वाटत नाही.

राग मानू नकोस. हप्ता बिनव्याजी आहे असं तू लिहिलंस. बाळ, प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी, आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट हातची जाते ती, सगळं एका कागदावर मांड. आणि उद्या नोकरीत काही मागंपुढं झालं, तर हप्ता थांबत नाही. हौस ही हौसच राहावी, तिचं ओझं होऊ नये. तुझ्या बाबांनी तो कॅमेरा रोख घेतला होता, वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून.

तेव्हा असं कर. तूही पैसे बाजूला टाकायला लाग आणि आधी ती एफ १.८ ची लेन्स घे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, पहिल्या फडाला आपण दोघं बसू. तुझ्या जुन्या कॅमेऱ्यावर दोन-तीन मैदानं काढ. त्यानंतरही अडतंय असं वाटलं तर आपण मिळून बॉडी बघू, अर्धे पैसे मी घालीन. तोवर त्या हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस, एवढं माझं ऐक. केली असशील तर लाजू नकोस, आजच फोन कर, रद्द करता येतं का ते बघू.

जेवण वेळेवर करत जा. आजीनं तुला तांदळाची पापडी करून ठेवली आहे.

तुझा,
काका