घाटातील मागचे इंजिन

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ६:१-५



वरील पाठाच्या दुसऱ्या वचनात प्रेषित पौल एकमेकांच्या ओझ्यास हात लावावयास सांगतो, आणि पाचव्या वचनात तोच पौल म्हणतो की, ज्याचा भार त्यानेच वाहावा. खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधू आम्हांस पुष्कळदा विचारतात की, यांतील कोणते वचन धरून चालावे? मूळ हेल्लेणी भाषेत या दोन ठिकाणी दोन निराळे शब्द आहेत, हे खरे. परंतु ही गोष्ट शब्दकोशापेक्षा कर्जत व लोणावळे यांमधील रेल्वेचा घाट अधिक चांगली समजावून देईल, असे आम्हांस वाटते.

मुंबईहून पुण्याकडे जाणारा हा मार्ग बोरघाट चढून जातो. त्याचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली तो खुला झाला. सुमारे १६ मैलांत गाडी १,८३१ फूट वर येते. नाशिकच्या वाटेवर कसाऱ्याहून इगतपुरीस जाणारा थळघाट १८६५ सालचा. तेथे साडेनऊ मैलांच्या आतच ९७२ फूट चढावे लागते. दोन्ही घाटांत सर्वांत उभा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. हे बोगदे फोडताना हजारो मजूर खपले. पटकीने व तापाने त्यांतील पुष्कळ मेले, आणि त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. बोरघाटाचा एक ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका टाकून दिला नाही. जाणती माणसे नेमून तिने काम पुढे चालविले. मागे राहिलेल्याने ओझे उचलण्याची ही गोष्ट त्या घाटाच्या पायातच घातलेली आहे.

३७ फुटांस १ फूट हा चढ पायी चालणारास काहीच नव्हे. भरलेली बैलगाडीही तो चढेल. परंतु रेल्वेचे चाक पोलादाचे व रूळही पोलादाचा. सपाटीवर हेच तिचे सामर्थ्य. कारण १,००० टनांची मालगाडी चालती ठेवावयास तेथे ढोबळ मानाने दोन-तीन टनांचा जोर पुरतो. तीच गाडी या चढावर आली की, केवळ तिचे स्वतःचे वजनच तिला सुमारे २७ टनांच्या जोराने मागे ओढू लागते. त्यात पावसाळ्यात रूळ ओले होतात, चाके जागच्या जागी फिरू लागतात, आणि चाकांपुढे कोरडी वाळू सोडावी लागते. गाडी तीच, माल तोच, इंजिनही तेच; बदलली ती जमीन. म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या इंजिनास कोणी नादुरुस्त म्हणत नाही. मग आमच्या मंडळ्यांत एखाद्या घरी दुखणे आले, पीक बुडाले, सावकार दारात बसला, आणि तो भाऊ चार रविवार उपासनेस दिसला नाही, की त्याचा विश्वास थंडावला असे आपण इतक्या लवकर का बोलतो?

घाटाच्या पायथ्याशी अशा गाडीस जादा इंजिने जोडतात. रेल्वेचे लोक त्यांस बँकर म्हणतात. ती पुढे न लावता गाडीच्या शेपटाशी लावितात, आणि याची कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. सर्व जोर पुढूनच लाविला तर सगळ्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या सांधणीवर येतो, आणि ती सांधणी तुटते. मागून लावले म्हणजे अर्धी गाडी ओढली जाते व अर्धी ढकलली जाते. कोणत्याही एका कडीवर सगळे ओझे पडत नाही. शिवाय कडी तुटलीच, तर सुटलेले डबे दरीकडे धावत सुटण्यापूर्वी त्यांस अडवावयास मागे कोणी तरी उभे असते. १९३० सालापर्यंत वाफेची इंजिने जाऊन या घाटांत विजेची आली, त्यांची शक्ती तेव्हापासून कितीतरी वाढली. तरी जड गाडीच्या मागे इंजिन लावण्याची ही रीत राहिलीच.

आता उपदेशक बंधूंकडे पाहा. चार वाड्यांची उपासना, मुलांची शाळा, आजाऱ्याच्या उशाशी रात्र, कचेरीतील अर्ज, हे सर्व एक मनुष्य पुढून ओढीत असतो, आणि मंडळी डब्यांप्रमाणे मागून येते. असा मनुष्य एके दिवशी आजारी पडला किंवा कडू झाला तर नवल ते काय? तुटावयाची ती पहिलीच कडी होती. मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन व हूर यांनी त्यास उपदेश केला नाही; बसावयास धोंडा दिला व दोहोंकडून हात धरिले. निर्गमाच्या १७ व्या अध्यायातील ही गोष्ट मुलांस सांगावयाची म्हणून आपण ठेविली आहे. ती पंचांच्या बैठकीत वाचावी.

मात्र ढकलण्यासही रीत आहे. बँकर दुरून धावत येऊन धडक देत नाही. गाडी उभी असता हळूच टेकतो, जोडला जातो, मग जोर लावितो. गाडीचा ब्रेक पुढच्या चालकाच्या हाती असतो, आणि मागच्याने त्याच्या इशाऱ्याने चालावे लागते. त्याने आपल्याच मनाने अधिक रेटले तर वळणावर मधला हलका डबा रुळावरून उचलला जाण्याचे भय असते. मदत करावयास गेलेल्यांनी एखाद्या घरची सोयरीक, शेत व पैसा यांचा कारभारच हाती घेतल्याची उदाहरणे आमच्या वाचकांस ठाऊक असतील. बहुधा त्या घरातील सर्वांत हलके माणूस, म्हणजे सून किंवा लहान मूल, त्यात चिरडले जाते.

(घाटातील प्रत्येक खिळ्याचा आत्मिक अर्थ काढू पाहणारे उपदेश आम्हांस फारसे रुचत नाहीत, म्हणून वाळूचा अर्थ आम्ही सांगत नाही.)

पाचव्या वचनाची जागा घाट संपतो तेथे आहे. वर पोहोचल्यावर बँकर सोडतात. पुण्यापर्यंतचा भार त्या गाडीने स्वतःच न्यावयाचा असतो, आणि ती नेते. ज्या भावास पेरणीच्या वेळी बी दिले, त्याने पुढल्या सुगीस आपले बी आपण राखावे. आणि देणाऱ्याने त्याच्या खळ्यावर वर्षानुवर्षे उभे राहू नये. सुटलेले इंजिन पुन्हा कर्जतेस उतरते. तेथे दुसरी गाडी उभी असते.