फुलराणीला कोणी विचारलं का?

खानदेशातला नवरदेव म्हणजे आपल्या काळात शिल्लक राहिलेला शेवटचा घोडेस्वार सरदार. डोक्याला फेटा, हातात कट्यार, पुढे डीजे. कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलेलं, त्यामुळे रक्तपाताची शक्यता शून्य. पण थाट सरदाराचाच. असा सरदार फुलाशी लाडीगोडी करायला गेला तर काय होईल? मराठीतलं यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्याच एका माणसाने लिहून ठेवलंय.

त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १८९०, धरणगाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी या पोराला 'बालकवी' ही पदवी दिली. कीर्तिकर हे लष्करातले डॉक्टर आणि वनस्पतींचे गाढे अभ्यासक. म्हणजे सरदार आणि फूल तिथे आधीच एका माणसात नांदत होते!

बालकवींची 'फुलराणी' आपण सगळ्यांनी शाळेत चालीवर म्हटलीय. गोष्ट अशी: हिरवळीवरची एक भोळी कळी. संध्याकाळचा खोडकर वारा तिला चिडवतो, तो सूर्याचा किरण आवडला वाटतं बाईसाहेबांना? कळी लाजते. रात्री स्वप्नं पाहते. सकाळी आकाशातून गुलाबी फेटेवाल्यांचं वऱ्हाड हजर, आणि थाटात लग्न.

आता मोठेपणी ती कविता पुन्हा वाचा आणि एवढंच मोजा, की फुलराणी स्वतः किती बोलते. वारा बोलतो. कवी तर बोलतोच. तिच्या तोंडी मात्र एक वाक्य नाही. ती लाजली, आणि सगळ्यांनी तारीख काढली.

यात बालकवींची चूक काढायची नाहीये. कवीला कळीच्या मनातलं दिसतं. ती रात्रभर झुरते हे तो आपल्याला सांगतो, म्हणून सकाळचं लग्न गोड वाटतं. पण ही सोय फक्त कवीला आहे. बसस्टँडवर उभ्या असलेल्या पोराला नाही. त्याला समोरच्या मुलीची खाली गेलेली नजर दिसते, मन दिसत नाही. तरी तो स्वतःला कवी समजून उरलेली गोष्ट लिहून टाकतो. 'लाजली म्हणजे हो' हे आपल्याकडचं सगळ्यात लोकप्रिय भाषांतर आहे, आणि ते तपासायला कोणी मूळ संहितेकडे जात नाही.

मी कोड लिहून पोट भरतो. तिथे समोरच्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर त्याला 'टाइमआउट' म्हणतात. टाइमआउटला 'यश' समजणारा प्रोग्राम कोणी लिहिला, तर रिव्ह्यूमध्ये त्याची चांगली हजेरी घेतली जाते. इन्स्टावर मात्र 'सीन' दिसलं आणि उत्तर नाही आलं, की तोच माणूस म्हणतो, विचार करत असेल.

लाजण्याबद्दल फुलांचं स्वतःचं काय म्हणणं आहे? पावसाळा सरता सरता धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावकडे निघा आणि रस्त्याकडेच्या कपाशीत थांबा. आपल्याकडे हल्ली लावतात त्या संकरित कपाशीचं फूल उमलतं तेव्हा मलईसारखं पांढरट असतं. परागीभवन त्याच दिवशी उरकतं. दुसऱ्या दिवशी ते फूल गुलाबी होतं. अगदी लाजल्यासारखं. पण तेव्हा त्याचं काम संपलेलं असतं आणि ते मिटून गळायच्या वाटेला लागलेलं असतं. म्हणजे कपाशीच्या भाषेत गुलाबी रंगाचा अर्थ 'ये' असा नाही, 'दुकान बंद' असा आहे. फुलांवरून प्रेमाचे नियम शिकायचेच असतील, तर हाही धडा घ्यावा लागेल.

मग चेष्टामस्करी करायचीच नाही का? सगळं लेखी परवानगी घेऊन करायचं? हा प्रश्न खोटा नाही. थट्टेत थोडी जोखीम असते, म्हणून तर मजा असते. पण जोखीम दोघांची हवी. फुलाला पाय नसतात. ते उठून जाऊ शकत नाही, उलट बोलू शकत नाही. घोड्यावर बसून अशा कोणाची थट्टा करण्यात कसली जोखीम? हातात बॅट नसलेल्या माणसाला बोल्ड करण्यासारखंच ते.

पु. ल. देशपांड्यांना ही गंमत बरोबर सापडली. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून त्यांनी नाटक लिहिलं आणि नाव दिलं 'ती फुलराणी'. १९७५ साली ते रंगमंचावर आलं. नाव बालकवींचं, पण ही फुलराणी फुलं विकणारी, आणि तिला तोंड आहे. समोरच्या प्रोफेसराचं आडनाव जहागीरदार! हा सरदार शिकवायला येतो आणि बोलणी खातो. भक्ती बर्वेंनी साकारलेली मंजुळा त्याला सुनवायची, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांत, मला वाटतं, शाळेतल्या त्या मुक्या कळीची थोडी थकबाकीही असायची.

माझ्यापुरता निकष एवढाच आहे. तिच्या उत्तराने माझा बेत मोडू शकत असेल, आणि मोडल्यावरही मला हसता येत असेल, तर ती थट्टा. तिने काहीही म्हटलं तरी वऱ्हाड निघणारच असेल, तर तो फक्त सरदाराचा थाट आहे. गुलाबी फेटा कितीही शोभून दिसो.